गर्दी टाळणाऱ्यांची गर्दी

एप्रिल उजाडला की आमच्या ऑफिसात एक ठराविक प्रश्न सुरू होतो. आधी कॅन्टीनमध्ये, मग व्हॉट्सअ‍ॅपवर, मग मीटिंगच्या आधीच्या त्या पाच मिनिटांत, जेव्हा सगळे जण कोणीतरी जॉइन व्हायची वाट बघत बसलेले असतात. प्रश्न असा: "मे महिन्यात चार दिवस कुठेतरी जायचंय, पण गर्दी नको. सुचव ना एखादी जागा. जरा ऑफबीट."

यंदाही आला. मी "बघतो" म्हणून सुटलो, पण डोक्यात किडा वळवळत राहिला. आज शनिवार आहे, पोरं आजोळी गेलीत, घरात शांतता आहे, तेव्हा एकदाचं लिहून टाकतो. आधीच सांगतो, जागांची यादी मिळणार नाही. ज्यांना यादी हवी असेल त्यांनी इथूनच परत फिरावं. अजिबात राग नाही.

माझं म्हणणं असं आहे, की मे महिन्यात 'गर्दी नसलेली जागा' शोधणं यात काडीचीही रसिकता नाही. हा एक नंबरचा उपद्रवी उद्योग आहे. कारण त्यात आपण काय करतो, तर गर्दी पेलायची ताकद जिथे सगळ्यात कमी, बरोबर तिथेच नेऊन ओततो. आणि ज्याला गर्दीचा खरोखर तिटकारा आहे त्याने मे महिन्यात एक तर घरी बसावं, नाहीतर सरळ महाबळेश्वर-माथेरानला जावं. हो हो, गर्दीतच. थांबा, लगेच दगड उचलू नका. सांगतो.

मी कोलशेतला राहतो. ठाण्याबाहेरच्यांसाठी: कापूरबावडीहून ढोकाळीमार्गे आत आलात की खाडीच्या काठावर आमचं कोलशेत. आगरी-कोळ्यांचं जुनं गाव, शेजारी हवाई दलाचं ठाणं, आणि रस्त्याच्या कडेने एके काळी रसायनांचे मोठमोठे कारखाने. कारखाने गेले, त्या जमिनींवर टॉवर आले, त्यातल्याच एकात आम्हीही आलो. घर घेताना जे गुळगुळीत माहितीपत्रक हातात ठेवलं होतं त्यावर मोठ्या अक्षरात काय होतं माहितीये? 'शहराच्या गर्दीपासून दूर.' आम्ही भुललो. आमच्यासारखे आणखी हजारो भुलले. आता आम्ही सगळे भुललेले लोक रोज सकाळी नऊ वाजता कापूरबावडीच्या सिग्नलला एकमेकांकडे खाऊ की गिळू अशा नजरेने बघत उभे असतो. पाण्याचं म्हणाल तर २०१७ साली टंचाईवरून घोडबंदर रोडच्या नव्या बांधकामांना मुंबई उच्च न्यायालयाने काही काळ लगाम घातला होता. म्हणजे 'गर्दीपासून दूर' हे वाक्य शेवटी कुठे जाऊन पोचतं ते मला माझ्या गॅलरीतून रोज दिसतं. तरीही मी एकदा त्याच वाक्याला पुन्हा भुललो. ती गोष्ट पुढे येतेच आहे.

आधी जरा माझ्या धंद्यातलं. दहावीचा निकाल आठवा. दुपारी एक वाजता निकाल लागतो आणि एक वाजून एका मिनिटाने साइट बसते. मग त्यावर उपाय काय? निकाल एकाऐवजी चार साइट्सवर टाकायचा. मग आपण काय करतो? चारही साइट्स चार टॅबमध्ये उघडतो, मामाला फोन करून तिकडूनही उघडायला लावतो, आणि चारही बसतात. त्यातली जी सगळ्यात दुबळी ती सगळ्यात आधी बसते. साइट वाईट असते असं नाही. भानगड त्या 'एक वाजता' मध्ये असते. संध्याकाळी सात वाजता तीच साइट लोण्यासारखी चालते.

सुट्टीचंही डिट्टो हेच. गर्दी महाबळेश्वरला नसते, गर्दी मे महिन्यात असते. महाबळेश्वरला ऑगस्टमधल्या एखाद्या मंगळवारी जाऊन बघा, धुकं आणि तुम्ही. तेव्हा मे महिन्यात तुम्ही जागा बदललीत म्हणून गर्दीचं काहीही बिघडत नाही, ती फक्त तुमच्याबरोबर गाडीत बसून येते. तुम्हाला ती दिसत नाही कारण ती तुम्हीच असता. (मीही. सगळ्यात आधी मी.)

आता ती गोष्ट. दोन वर्षांपूर्वी मी याच यादीबाजीला बळी पडलो होतो. कुठेतरी वाचलं, की मे महिन्याच्या शेवटी भंडारदऱ्याच्या बाजूला काजवे बघायला जा, गर्दी नाही, गोंगाट नाही, फक्त अंधार आणि झाडांवर लाखो दिवे. काजव्यांबद्दलचं खोटं नव्हतं. वळवाच्या सरी पडायला लागल्या, की मे अखेर ते जून मध्यापर्यंत कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात, घाटघर, उडदावणे, पांजरे, मुरशेत या गावांच्या आसपास हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ असल्या झाडांवर काजवे उतरतात, आणि अख्खं झाड एकाच वेळी लुकलुकतं. ज्याने बघितलंय तो ते विसरत नाही. मी बघितलं नाही. म्हणजे बघितलं, अकरा काजवे. मोजले.

शनिवारी दुपारी तीनला कोलशेतहून निघालो. दीडशेच्या आसपास किलोमीटर. माजिवड्याला एक तास गेला, कसारा घाटात किती गेला ते मोजायचं सोडून दिलं. घोटीहून आत वळलो तेव्हा बायको म्हणाली, "अरे, पुढच्या सगळ्या गाड्या एमएच शून्य चार, शून्य दोन आणि बारा. हे सगळे ऑफबीट का?" शेंडी ओलांडल्यावर धरणाच्या कडेने जाणारा तो अरुंद रस्ता, एक गाडी धड जाईल एवढा, आणि त्यावर दोन्ही दिशांनी गाड्या. सगळ्यांचे हेडलाइट चालू. कोणी तरी स्पीकर लावलेला. कोणी गाडीच्या टपावर चढून फ्लॅश मारून झाडाचे फोटो काढत होता. काजव्याचा फोटो फ्लॅश मारून! अरे, तो प्राणी उजेडाने बोलतो रे. नर उडता उडता खूण करतो, मादी खालून उत्तर देते, त्यावर त्यांची जोडी जमते, आणि या सगळ्यासाठी प्रौढ काजव्याच्या हातात फार तर काही आठवडे असतात. त्याच्या लग्नात आम्ही शेकडो गाड्यांचे दिवे घेऊन घुसलो होतो. वनखात्याने या हंगामासाठी प्रवेशाच्या वेळा, फ्लॅश, हेडलाइट यांवर नियम घातले आहेत, पण एका नाक्यावर दोन-चार कर्मचारी आणि समोर अख्खं ठाणे, पुणे, नाशिक. काय करणार ते?

रात्री साडेअकराला मुक्कामाच्या घरी पोचलो. पोरं गाडीतच झोपलेली. घर साधं, सारवलेलं, माणसं फार चांगली. त्या घरातल्या मावशींनी तेवढ्या रात्री भाकऱ्या थापल्या. मग मी न्हाणीघरात गेलो, दिवसभराचा घाम, दोन बादल्या अंगावर घेतल्या, तिसरी भरायला लावली आणि नळ बंद करायला विसरलो. नळ म्हणजे छपरावरच्या काळ्या टाकीचा नळ. पाच मिनिटांनी मावशी धावत आल्या. आवाज अजिबात चढलेला नव्हता. "दादा, तेवढं पाणी जपून. टँकर आता परवा येनार."

समोर दोन किलोमीटरवर भंडारदऱ्याचं धरण. प्रवरेवरचं, इंग्रजांच्या काळातलं, १९२६ साली पूर्ण झालेलं. आणि त्याच्या वरच्या अंगाला राहणारी बाई मला म्हणते टँकर परवा येणार. मी जी तिसरी बादली ओतून दिली ती कोणाची होती ते विचारायची माझी हिंमत झाली नाही. सकाळी उठलो तेव्हा त्या घरची मुलगी डोक्यावर हंडा घेऊन चढण चढत होती आणि माझी मुलगी तिचा फोटो काढत होती. 'व्हिलेज लाइफ.' मी मुलीच्या हातातून फोन काढून घेतला. उगाच ओरडलो तिच्यावर. चूक तिची नव्हतीच.

परतीच्या वाटेवर (पुन्हा साडेसहा तास, विचार करायला वेळच वेळ) मी एक हिशोब केला. इंजिनिअर माणूस, दुसरं काय करणार. सरकारी निकष असा, की शहरात माणशी रोज १३५ लिटर पाणी लागतं, आणि जलजीवन मिशनचा खेड्यासाठीचा निकष माणशी ५५ लिटर. समजा पाचशे वस्तीचं गाव आहे. निकषाप्रमाणे त्याला रोज २७,५०० लिटर लागतात, आणि मे महिन्यात तेवढं मिळतं असं धरणंसुद्धा विनोदच आहे. आता आपल्या सवयीची दोनशे माणसं तिथे मुक्कामाला आली. २०० गुणिले १३५, झाले २७,०००. म्हणजे पन्नासेक गाड्या आल्या की रातोरात तिथे आणखी एक गाव उभं राहतं. विहीर मात्र तीच.

आणि हे नुसतं काजव्यांपुरतं नाही. आपल्या शहापूर, मुरबाड, कर्जतच्या 'प्रायव्हेट पूल व्हिला' बघा. जाहिरातीत काय लिहिलेलं असतं? 'गर्दीपासून दूर', तेच! आठ मीटर लांब, चार मीटर रुंद, सरासरी सव्वा मीटरला थोडा कमी खोल असा छोटासाच तलाव धरा. ३८,००० लिटरच्या वर पाणी. खेड्यातल्या सुमारे सातशे माणसांचं एका दिवसाचं. शहापूर तालुक्यात भातसा आहे, तानसा आहे. मुंबईची तहान ज्या धरणांवर भागते त्यांतली ही नावं, आणि त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर दर उन्हाळ्यात टँकर जातात. हे गुपित नाही, दर मे महिन्यात पेपरात फोटोसकट येतं, आपण ते चहा पिताना वाचतो आणि पान उलटतो. आणि तो चहा कुठल्या पाण्याचा? ठाणे महापालिकेची स्वतःची पाणीयोजनाही भातसा नदीवरच आहे, पिशाच्या बंधाऱ्यावरून पाणी उचलून टेमघरला शुद्ध करून आपल्याकडे येतं. म्हणजे अकरा महिने आम्ही त्यांच्या नदीचं पाणी नळाने इकडे आणतो, आणि बाराव्या महिन्यात उरलंसुरलं प्यायला गाडी काढून स्वतःच तिकडे जातो. वर म्हणायचं, काय शांत आहे नाही इथे!

शांत असतं कारण तरणी माणसं कामाला भिवंडी-नाशकात गेलेली असतात. असो.

आता 'गर्दी' या शब्दाकडे वळू, कारण मला त्याचाच जास्त संशय आहे. आमच्या ऑफिसातल्या एकाला मी विचारलं, "गणपतीपुळ्याला का जात नाहीस? समुद्र आहे, देऊळ आहे, राहायची सोय आहे." त्याने असं तोंड केलं की जणू मी त्याला नाल्यात पोहायला सांगितलं. "छे रे, काय ती पब्लिक!" आता हाच गृहस्थ मागच्या दिवाळीत दुबईला गेला होता. तिथे मॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती हे त्याने आम्हाला अभिमानाने सांगितलं होतं. विमानतळावरच्या लाउंजमध्ये उपम्यासाठी रांग लावतो, तक्रार नाही. मग गणपतीपुळ्याच्या गर्दीचंच काय वावडं? तर ती गर्दी एसटीने येते. डबे घेऊन येते, साडी खोचून समुद्रात उतरते, मोठ्याने हसते, पोराला हाका मारते. आपल्या मध्यमवर्गीय (खरं तर आता उच्चमध्यमवर्गीय म्हणायला हवं, ईएमआयसकट) तोंडी 'गर्दी नको' याचा अर्थ कित्येकदा 'तसले लोक नकोत' एवढाच असतो. तसं सरळ म्हणायची लाज वाटते म्हणून 'ऑफबीट' म्हणायचं. ज्यांना वर्षातून एकदाच चार दिवस मिळतात त्यांच्याकडे बघून नाक मुरडायचं, आणि स्वतः वर्षातले आठ वीकेंड उंडारायचं. यात पर्यावरणाचं प्रेम कुठे आहे मला तरी सापडलेलं नाही.

हे बोललं की हमखास एक उत्तर येतं, आणि ते हसण्यावारी नेण्यासारखं नाही: "अरे, पण त्या गावांना पैसे मिळतात ना! आपण गेलो नाही तर ते काय खातील?" खरं आहे. त्या मावशींनाही मी भरपूर पैसे दिले आणि त्यांना ते हवे होते. अकोले तालुक्यातल्या पुरुषवाडीसारख्या गावांत गावकरी स्वतःच्या घरात पाहुणे ठेवतात, स्वतः जेवायला घालतात, स्वतः रानात घेऊन जातात. त्याला माझा विरोध असायचं कारणच नाही. पण मग जानेवारीत जा ना! जानेवारीत विहिरीला पाणी असतं, हवा छान असते, हुरडा असतो, रस्ता मोकळा असतो, आणि पैसे जानेवारीतही चालतात. सप्टेंबरात जा, तेरडा फुललेला असतो. गावाला उत्पन्न हवं असेल तर ते बारा महिन्यांत विभागून मिळालेलं बरं की तीन आठवड्यांत पूर आल्यासारखं? ज्यांना गावाच्या पोटाची एवढी काळजी आहे ते नेमके मे महिन्याच्या तिसऱ्या शनिवारीच कसे उगवतात?

दुसरं उत्तर म्हणजे जुन्या आठवणी. "आमच्या लहानपणी बघ, मामाच्या गावाला जायचो, गर्दी नाही, काही नाही." अहो, गर्दी नाही कशी? कोकणातल्या एका घरात वीस-बावीस माणसं, माजघरात ओळीने पथाऱ्या, सकाळी परसाकडेला नंबर लावायचे! एसटीत टपावर बोचकी, आत उलट्या. गर्दीच होती, फक्त ती आपली होती म्हणून मोजली नाही. आणि विहिरीवरून त्या वीस जणांचं पाणी कोण ओढत होतं? मामी. दोन वेळच्या पंगती कोण उठवत होतं? आजी आणि मामी. त्यांची सुट्टी कधी होती ते आम्ही कधी विचारलं नाही. तेव्हा त्या काळाबद्दलही फार गळा काढू नये. एवढं मात्र खरं, की तिथे पाणी संपलं तर आजी तोंडावर सांगायची, "मेल्यांनो, आज आंघोळ नाही, व्हाळावर जा." भाडं भरणाऱ्या पाहुण्याला असं कोण सांगणार? तो लगेच दोन तारे देऊन मोकळा.

आता येतो माझ्या मूळ आचरट मुद्द्यावर, की जायचंच असेल तर गर्दीच्या जागी जा.

माथेरान घ्या. किंवा महाबळेश्वर. ही गावं पाहुण्यांसाठीच वसवलेली आहेत, दीडशेहून जास्त वर्षं तोच धंदा आहे. मुंबई इलाख्याचे गव्हर्नरसाहेब उन्हाळ्यात महाबळेश्वरला मुक्काम हलवायचे तेव्हापासून. तिथे नगरपरिषद आहे, प्रवेशकर घेते. दवाखाना आहे, कचरा उचलायला माणसं आहेत, नळयोजना आहे. कायदाही आहे: महाबळेश्वर-पाचगणी २००१ साली आणि माथेरान २००३ साली पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर झालं. माथेरानला तर तुमची गाडी दस्तुरी नाक्यालाच ठेवावी लागते, मग तुम्ही कोणी का असेना. ही गावं आदर्श आहेत असं अजिबात म्हणत नाही. माथेरानची लाल माती दर पावसाळ्यात वाहून जाते, वेण्णा लेकच्या रस्त्यावर मे महिन्यात काय होतं ते मी भोगलेलं आहे. पण तिथे हजार माणसं वाढली तर व्यवस्थेवर ताण येतो, आणि घाटघरला हजार माणसं गेली तर एका बाईच्या हंड्यावर ताण येतो. मोठ्या सर्व्हरवर लोड टाकावा, कोणाच्या घरच्या पीसीवर टाकू नये, एवढं तर पहिल्या वर्षाच्या ट्रेनीलाही कळतं.

शिवाय मोठ्या जागी गर्दी मोजता तरी येते. मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशावरून ७ मे २०२४ पासून उटी आणि कोडाइकनालला ई-पास सुरू झाला. २०२५ च्या उन्हाळ्यासाठी न्यायालयाने गाड्यांचा आकडाच ठरवून दिला: उटीला एरवी दिवसाला ६,००० आणि शनिवार-रविवारी ८,०००, कोडाइकनालला ४,००० आणि ६,०००. आकडा कमी की जास्त यावर भांडा, पण निदान मर्यादा नावाची गोष्ट आहे हे कोणीतरी कबूल केलं. सिमल्यात २०१८ च्या मे-जूनमध्ये पाणी इतकं आटलं, की तिथलेच लोक 'कृपा करून येऊ नका' म्हणून पर्यटकांना सांगत होते आणि शाळा काही दिवस बंद ठेवाव्या लागल्या. सिमला राजधानीचं शहर, म्हणून देशभर बोंब झाली. हेच एखाद्या पाड्यावर झालं तर बातमी होत नाही. तिथे मावशी म्हणतात टँकर परवा येणार, आणि विषय संपतो.

गंमत म्हणजे सरकारचं डोकंही आमच्या ऑफिसातल्या यादीबाजांसारखंच चालतं. महाबळेश्वरला गर्दी झाली ना? मग 'नवीन महाबळेश्वर' करा! सातारा, जावळी आणि पाटण तालुक्यांतली सुरुवातीला २३५ गावं घेऊन रस्ते विकास महामंडळाने प्रारूप आराखडा केला, २०२४ मध्ये तो हरकतींसाठी लोकांपुढे आला. एका बाजूला कोयनेचं अभयारण्य, एका बाजूला कास. आणि कासची तऱ्हा आपण बघितलीच आहे. २०१२ साली पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारशात नाव गेलं, मग फुलांपेक्षा माणसं जास्त झाली, मग कुंपण, मग शुल्क, मग ऑनलाइन बुकिंग. आता त्याच डोंगररांगेत पाचवा टॅब उघडायचा.

मग खरा उपाय काय, तर 'एक वाजता' बदलणे. तारखा फोडणे. काही वर्षांपूर्वी मी ऑनसाइट म्हणून जर्मनीत, स्टुटगार्टला होतो. तिथे सोळा राज्यांच्या उन्हाळी सुट्ट्या मुद्दाम वेगवेगळ्या तारखांना ठेवतात, राज्यांनी आपसात बसून वर्षानुवर्षांचं वेळापत्रक आधीच ठरवलेलं असतं. आमचं बाडेन-वुर्टेम्बर्ग आणि शेजारचं बव्हेरिया सगळ्यात शेवटी, जुलै संपता संपता. फ्रान्सने हिवाळ्याच्या आणि वसंतातल्या सुट्ट्यांसाठी देशाचे तीन भाग पाडलेत. रस्ते आणि हॉटेलं एकाच दिवशी तुंबू नयेत हा त्यातला एक उघड हेतू. "आपल्याकडे कसं जमणार?" असं म्हणू नका, आपल्याकडे थोडंफार आहेच. विदर्भातल्या शाळा ऊन जास्त म्हणून बाकी महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडतात. मग कोकण विभागाची सुट्टी पंधरा दिवस आधी आणि पुण्याची पंधरा दिवस नंतर असं का नाही होणार? परीक्षा, पेपर तपासणी, शिक्षकांच्या बदल्या, सगळी लफडी आहेत, मान्य. पण निदान यावर एखादा अर्ज, एखादी चर्चा? आपण सगळे जण वर्षातले पंधरा तास 'हिडन जेम्स' शोधण्यात घालवतो, त्यातला एक तासही यावर कोणी घालवल्याचं मी पाहिलेलं नाही.

आणि तोपर्यंत? तोपर्यंत घरी बसायला काय होतं? मागच्या मे महिन्यात आम्ही बसलो. कोलशेतमध्ये मे महिन्यात अर्धी सोसायटी रिकामी असते, ही गोष्ट मला इतकी वर्षं माहीतच नव्हती, कारण रिकामी करणाऱ्यांत मीच असायचो. लिफ्ट लगेच येते. ढोकाळीच्या नाक्यावर गाडी न थांबता पुढे जाते, विश्वास बसत नाही. पहाटे साडेपाचला खाडीवर गेलो तर भरती लागलेली, एक होडी, दोन माणसं, आणि बगळे. पाण्याला वास येतो, खोटं कशाला सांगू. पलीकडे येऊरचा डोंगर, संजय गांधी उद्यानाचा आपल्या बाजूचा भाग. तिथेही 'निसर्गाच्या कुशीत' म्हणत लोकांनी टर्फ आणि ढाबे थाटून रात्री दिवे पेटवले, ती एक वेगळीच रड आहे, तिच्यावर पुन्हा कधीतरी. मुलीने त्या होडीवाल्या काकांना विचारलं, मासे मिळतात का. ते म्हणाले, "मिलतात, पन पूर्वीसारखे नाय." मग तिने पूर्वी म्हणजे कधी ते विचारलं, आणि ते जाळं आवरता आवरता अर्धा तास सांगत बसले. काकांनी पैसे मागितले नाहीत, मुलीनेही फोटो काढला नाही.

तर मित्रा, तू विचारलंस म्हणून: जागा सुचवत नाही. मला एक ठाऊक आहे, खरंच सुंदर आहे, एक विहीर आहे, चौदा घरं आहेत. नाव सांगणार नाही, पार्टी दिलीस तरी नाही.

यंदा आम्ही वीस मेला माथेरानला चाललोय, तीन रात्री. बायकोला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "तुझं डोकं ठिकाणावर आहे ना? मे महिन्यात? माथेरानला? केवढी गर्दी असते!" मी म्हटलं, त्यासाठीच. ती बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली आणि मग म्हणाली, "बरं, पण घोड्यावर मी बसणार नाही." दस्तुरीपासून शटल मिळाली तर ठीक, नाहीतर बॅगा उचलून चालायचं. पोरांच्या बॅगा आत्ताच हलक्या करून ठेवल्यात.